कोरडं दुपटं

ठठेरी बाजाराच्या तोंडाशी बोरांची पहिली गाडी लागली की माझ्या तळहातांना घाम सुटतो. बाहेर अशी थंडी की बोटं वाकत नाहीत, धुकं असं की समोरून येणारी गाय अंगावर आल्यावरच कळते, आणि ही बाई घामाघूम! बोरवाला आता ओळखीचा झालाय. "बहनजी, एकदम मीठा है, चखिए तो सही," म्हणत दरवर्षी एक बोर पुढे करतो. मी दरवर्षी मान हलवते आणि पर्स छातीशी धरून पुढे सटकते. बँकेत पोचून खुर्चीवर टेकेपर्यंत तो आंबटगोड वास नाकातून जात नाही. तशी मला बोरं फार आवडायची हो. सोलापुरात शाळेतून येताना फ्रॉकचा ओचा भरून आणायचो, मीठ-तिखट लावून खायचो, आईचा मारही खायचो. आता कुणी विचारलं तर सांगते, दात आंबतात.

काशीची थंडी येते ती सूर्याला घालवूनच येते. आठ-आठ दिवस ऊन म्हणून दिसत नाही. सकाळी चौखंभ्याच्या गल्लीत मलइयोवाले बसतात, केशर घातलेला दुधाचा फेस, जिभेवर ठेवला की नाहीसा. लोक म्हणतात, काशीची थंडी म्हणजे मलइयो. खाऊदेत बापडे! मला काशीची थंडी म्हटलं की न वाळणारे कपडे आठवतात. त्यातून घरात तान्हं मूल असलं तर विचारूच नका. दोरीवर दुपटी, खुर्च्यांच्या पाठीवर दुपटी, हीटरसमोर दुपटी, दाराच्या कडीलासुद्धा एक लंगोट. सगळ्या घराला ओल्या कापडाचा वास. ईशान लहान होता त्या वर्षी मी दिवसातून दहा वेळा ओरडायचे, "या घरात एक कोरडं दुपटं मिळेल तर शपथ!" आपण काय मागतोय ते माणसाला कळत नाही.

आम्ही दोघंही इथे नोकरीपायी आलेले. सुहास रेल्वेत, मी बँकेत. बदलीचा कागद आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, लोक म्हातारपणी जातात तिथे तुम्ही ऐन तारुण्यात निघालात. मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने मिळाल्या आणि समोर शरयू मिळाली. समोर म्हणजे किती समोर, तर तिच्या खिडकीतून माझ्या खिडकीत आमटीची वाटी देता येते. तिचं घराणं कित्येक पिढ्या काशीतलं. नवरा अमृतराव घाटावर यात्रेकरूंची कृत्यं सांगतो, त्याला सगळी गल्ली गुरुजी म्हणते. त्यांच्या घरातली मराठी आमच्यापेक्षा जुनी आणि निम्मी हिंदी. "वहिनी, चाय चढवली आहे, चटकन या, नाहीतर थंडी होऊन जाईल," असं ती खिडकीतून हाक मारून सांगते. सुरुवातीला मला हसू यायचं. आता मीही आईला फोनवर 'परेशान झाले' म्हणते आणि आई तिकडून म्हणते, "नीट मराठीत बोल."

परवा तीच खिडकी उघडली. शरयूचा धाकटा, माधव, अकरा महिन्यांचा झाला आहे. संक्रांत होऊन गेलेली, येत्या रविवारी त्याचं बोरन्हाण.

"वहिनी, पहिली ओंजळ तुमची हं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला मी घालूच नाही देणार. तुम्ही नसता तर माझी गौरी..."

हे वाक्य ती कधी पुरं करत नाही. दहा वर्षं झाली, दर संक्रांतीला मला आधी हळदीकुंकू लावते आणि हे वाक्य इथेच सोडते. मी हसते. "काहीतरीच तुझं!" म्हणते. आणि घरात येऊन उगाचच ओटा पुसत बसते.

बोरन्हाण म्हणजे काय ते आमच्या बँकेतल्या मिश्राजींना मी एकदा समजावून सांगितलं होतं. मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत संक्रांतीनंतर त्याला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बत्तासे असं ओतायचं. मग जमलेल्या पोरांनी तुटून पडायचं आणि गोळा करून खायचं. मुलाला थंडी बाधत नाही म्हणतात, दृष्ट लागत नाही म्हणतात. मिश्राजी म्हणाले, "मतलब ज़मीन से उठाकर?" मी म्हटलं, हो, जमिनीवरूनच, त्यातच तर मजा. तेव्हा हे बोलताना मला काही वाटलं नव्हतं.

ईशान चौदा महिन्यांचा होता. हलव्याचे दागिने आईने सोलापूरहून पाठवले होते, कापसात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात 'फुटेल' लिहून. मुकुट, बाजूबंद, गळ्यातला हार, आणि एक एवढीशी बासरी. काळं झबलं मी स्वतः शिवलं होतं, त्यावर चांदण्या टाचल्या होत्या. चौदा मुलांना आमंत्रण. परगावात राहणाऱ्या माणसाला आपलं माणूस गोळा करायची केवढी हाव असते! गल्लीतली मराठी घरं, रेल्वे कॉलनीतली दोन, विद्यापीठातल्या एका बाईंची जुळी, सगळ्यांना आठवडाभर आधी फोन. त्या सकाळी ईशानला दोनदा पातळ झाली. एकदा दूध ओकला. किंचित कोमट लागत होता.

"सुहास, याचं पोट बिघडलंय का रे?"

"दात येतायत," तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

"दातच असतील," मी म्हटलं. हिरडीवर बोट फिरवून पाहिलं. एक पांढरा ठिपका हाताला लागल्यासारखा वाटला, तेवढा मला पुरला. काय आहे, जे ऐकायचं असतं ते आपण बरोबर ऐकतो. मी त्याला पुसलं, पावडर लावली, चांदण्यांचं झबलं चढवलं. दुपटं पाण्यातून काढलं आणि त्याच हातांनी सोललेल्या करव्यांचं ताट उचललं. हात धुतले होते, नाही असं नाही. नळाखाली धरले, पदराला पुसले.

या हात धुण्यावर मी पुढे फार विचार केला. आमच्या या गल्लीत दिवसातून वीस वेळा हात धुतले जातात. शरयूच्या घरी तर बोलायलाच नको. सोवळ्यातलं वेगळं, ओवळ्यातलं वेगळं, बाहेरून आलं की पायावर पाणी, जेवणाआधी पाणी, जेवल्यावर पाणी. गंगाजलाचा तांब्या दाराशीच. साबण मात्र मोरीच्या कोनाड्यात सुकून पडलेला, त्याला भेगा गेलेल्या. आम्ही इतकी स्वच्छ माणसं की आम्हाला साबणाची गरज वाटली नाही. आणि जे काही त्या दिवशी माझ्या हातावर होतं ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं, पाण्याला भिणारं नव्हतं आणि सोवळं-ओवळं मानणारं तर मुळीच नव्हतं.

बोरन्हाण छान झालं. असंच म्हणाले सगळे. फोटो आहेत. ईशान मुकुट सांभाळत पाटावर बसलेला, डोक्यावरून चुरमुरे ओघळतायत, पोरं एकमेकांच्या अंगावर पडून बोरं वेचतायत. एका फोटोत शरयू कडेला बसली आहे, मांडीत आठ महिन्यांची गौरी, लाल टोपडं घातलेली. ईशानने उसाचा एक करवा चोखला, कंटाळला आणि गौरीच्या दिशेने हात लांब केला. गौरीने तो घेतला आणि थेट तोंडात. सगळ्या बायका "अगं बाई, बघा तर, आत्तापासून वाटून खातायत!" म्हणून हसल्या. मी त्या फोटोत हसत नाहीये. मी पाहत होते. 'काढ तो तोंडातून,' एवढं म्हणायला काय लागलं असतं? चारचौघींत कुणी 'का?' विचारलं असतं, एवढंच.

संध्याकाळपासून ईशानचं सुरू झालं. आधी उलट्या, घोटभर पाणीसुद्धा टिकेना. मग जुलाब, नुसतं हिरवट पिवळं पाणी, आणि एक आंबूस वास, जो मी मेले तरी विसरणार नाही. उजाडायच्या आत घरातलं एकूण एक दुपटं संपलं. मी माझ्या जुन्या साड्या फाडल्या. उजाडलं तेव्हा तो रडत होता आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. हे मला आधी कळलंच नाही. वाटलं, बरं झालं, रडणं कमी झालं. सुहासने त्याच्या गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "अगं, हा कोरडाच रडतोय."

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. मैदागिनच्या चौकापर्यंत चालत जायचं. सुहास पुढे, मी ईशानला शालीत गुंडाळून मागे. धुक्यात भिंती चाचपडत. मोठ्या रस्त्याला लागतो तिथे समोरून 'राम नाम सत्य है' आलं. काशीत राहणाऱ्याला याचं काय कौतुक! रोज आठ-दहा वेळा कानावर पडतं, आपण भाजी निवडत असतो, निवडतच राहतो. त्या सकाळी मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि लेकराचे दोन्ही कान झाकले. या गावात एवढ्याशा मुलांना चिता देत नाहीत, नावेतून नेऊन प्रवाहात सोडतात, हे मला गुरुजींनीच कधीतरी गप्पांत सांगितलं होतं. नको तेव्हा नको ते आठवतं. देवा, ते मला त्या भिंतीपाशी आठवलं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी ईशानच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली गेली. "वायरस है," ते म्हणाले. "ठंड में हर साल यही आता है. इसे मारने की कोई दवा नहीं, पानी ही दवा है." मीठ-साखरेच्या एका पाकिटाला एक लिटर पाणी, मोजून. कपात चिमूट-चिमूट नाही. चमच्याने, दर मिनिटाला एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. दूध बंद करायचं नाही, जेवण बंद करायचं नाही. जस्ताची गोळी रोज एक, चौदा दिवस. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पेशाब होता रहे तो डरिए मत. पेशाब बंद हो जाए तो एक मिनट मत रुकिए."

आणि मग, वहीत काहीतरी लिहिता लिहिता, सहज विचारलं, "साथ में और कोई बच्चा था?"

"नहीं," मी म्हटलं. "घर में अकेला ही है."

सुहासने माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "का खोटं बोललीस?"

"मग काय सांगू? चौदा जणांच्या आयांना फोन करून सांगू, की आजारी पोराला सजवून पाटावर बसवलं आणि तुमच्या पोरांना त्याचं उष्टं खायला घातलं?"

त्याने औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. आमच्यात एकमत क्वचित होतं, तेव्हा नेमकं झालं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी चमचे मोजत बसले. एक मिनिट, एक चमचा. ईशानच्या खाली मी कोरडं दुपटं घातलं होतं आणि दर पाच मिनिटांनी हात घालून बघत होते. कोरडं. पुन्हा कोरडं. ज्या बाईने सगळी थंडी कोरड्या दुपट्यासाठी जीव टाकला, ती आता ते भिजावं म्हणून मंगला गौरीला नवस बोलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते भिजलं. मी सुहासला अशी हाक मारली की खालचा दुकानदार वर धावत आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शरयूची खिडकी उघडली.

"वहिनी, ईशान बरा आहे न? आवाज नाही आला दोन दिवस."

"सर्दी झाली होती थोडी," मी म्हटलं.

"आमची गौरीपण सुस्त आहे जरा. सकाळपासून पातळ होतेय, ओकतेय. सासूबाई म्हणतात दात येतायत."

मी काय म्हणाले असेन? माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हो, दातच असतील."

माझ्या कपाटात, पोह्यांच्या डब्यामागे, चार पाकिटं होती. चमचा कसा द्यायचा ते मला आता झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण पाकीट द्यायचं म्हणजे ते घरात कसं आलं हे सांगायचं. आणि ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. मी स्वतःची समजूत घालत होते. तिला आईचं दूध आहे, तिला एवढं नाही होणार. गुरुजी घरी येतील, नेतील डॉक्टरकडे. बाकीच्या पोरांना कुठे काय झालंय? (झालं होतं दोघांना, ते मोठे होते, निभावले, हे नंतर कळलं.) समोरून जायफळ उगाळल्याचा वास येत होता. म्हाताऱ्या सासूबाई कुणालातरी सांगत होत्या, "दूध नका पाजू, पोटाला विसावा द्या, तीर्थ द्या नुसतं." मी ते ऐकत होते आणि ईशानला चमच्याने पाणी पाजत होते. माणूस किती नीच होऊ शकतं ते मला तेव्हा कळलं, आणि ते बाहेर कुठे बघायला जावं लागलं नाही.

गौरी रडत होती तोवर मी तग धरला. खरी भीती वाटली ती ती रडायची थांबली तेव्हा. दुपारी दोनच्या सुमाराला समोरचा आवाज बंद झाला आणि गल्ली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. मी ईशानला कडेवर घेतलं, पाकिटं मुठीत धरली आणि निघाले. जिना उतरून गल्ली ओलांडायला चार पावलं लागतात. ती चार पावलं टाकायला मला अर्धा दिवस लागला होता.

शरयू भिंतीला टेकून बसली होती. दमली होती, पण हसली.

"या वहिनी. आता बरं वाटतंय वाटतं हिला. ओकणं थांबलं. आणि बघा न, केव्हापासून दुपटं एकदम कोरडं."

किती खुशीत सांगितलं तिने! बाहेर दोरीभर ओली दुपटी लोंबत होती, आणि हे एक कोरडं. कुठल्याही आईला त्या दिवसांत ती चांगलीच बातमी वाटली असती. मी गौरीचं लाल टोपडं काढलं. टाळू आत गेली होती, वाटीत बोट ठेवावं एवढी. डोळे अर्धे उघडे होते आणि ते कशाकडेच बघत नव्हते.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. गुरुजी घाटावरून धावत आलेले, ओल्या धोतराने, कपाळावरचं गंध ओघळलेलं. तीच गल्ली, तेच मैदागिन, या वेळी मी पळत. एवढ्याशा हाताची शीर सापडेना, नर्स एकेका जागी सुई टोचून बघतेय आणि गौरी रडतसुद्धा नाहीये. शरयू मला घट्ट धरून उभी होती. मला, म्हणजे बघा! शेवटी डोक्याजवळची एक शीर मिळाली. बाटलीतलं पाणी थेंब थेंब आत जायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीने दुपटं भिजवलं आणि शरयू जमिनीवर बसून मोठ्याने रडली.

आणि गल्लीने ठरवलं की वहिनींनी गौरीला वाचवलं. "पुड्या घेऊन धावत आल्या, टाळू ओळखली, नाहीतर आम्हाला काय कळत होतं?" शरयूच्या सासूबाईंनी माझी खणानारळाने ओटी भरली. मी भरून घेतली. गुरुजींनी मला वाकून नमस्कार केला, तोही घेतला. आज सांगते, उद्या सांगते, करता करता दहा वर्षं गेली. काही गोष्टी वेळच्या वेळी सांगितल्या नाहीत की त्या सांगायच्या राहत नाहीत, लपवलेल्या होतात.

त्या विषाणूला मी पुढे नावानिशी ओळखायला लागले. त्याचे थेंब आता सरकारी लशींमध्ये मिळतात, पोलिओसारखे तोंडातून. आमच्या वेळी ते इथे सुरू झाले नव्हते. विकत मिळायचे म्हणे, पण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. माधवला तिन्ही वेळा थेंब पाजायला शरयूबरोबर मी गेले, रजा काढून. "वहिनी, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चिंता," ती हसून म्हणाली. आरोग्य केंद्रातल्या आशादीदींनी समजावलं, थेंबांनी जिवावरचं टळतं, पण पोट बिघडणारच नाही असं नाही, आणि विषाणूही एकच नसतो. शरयूने मान डोलावली. मी मात्र दीदींच्या वाक्यातला फक्त 'पण' घेऊन घरी आले.

तर रविवार. अकराच्या सुमाराला खिडकी उघडली. शरयूच्या हातात परात होती, परातीत धुतलेली बोरं, आणि तो वास.

"वहिनी, चारला या हं बरोबर. माधव जरा किरकिर करतोय. दोनदा पातळ झाली सकाळपासून." मग हसून म्हणाली, "दात येतायत."

माझे तळहात ओले झाले. मला एवढंच म्हणायचं होतं, 'डॉक्टरांना दाखव.' तेवढ्यावर भागलं असतं कदाचित. पण मी शरयूला ओळखते. वीस माणसांना आमंत्रण होतं, काळं झबलं शिवून तयार होतं, आणि त्या जागी मी एकदा उभी राहिलेली आहे. दोन पातळ शीवरून कुणी बोरन्हाण मोडत नाही.

"शरयू, आज नको करूस."

"काय म्हणता? सगळी तयारी झाली. कितीतरी लेकरं येतायत."

"म्हणूनच नको करूस."

"अहो, दात आहेत वहिनी."

"मीसुद्धा हेच म्हणाले होते," मी म्हटलं. आणि मग थांबलेच नाही. ईशानला त्या सकाळी होत होतं, मला माहीत होतं. गौरीने त्याच्या हातातला उसाचा करवा तोंडात घातला, मी पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हणाले. तू मला ईशानचं विचारलंस, मी सर्दी म्हणाले.

ती परात धरून उभी होती. तिला नीट कळलं नसावं. मग हळूच म्हणाली, "पण पुड्या तर तुम्हीच आणल्या न."

"त्या माझ्याकडे सकाळपासून होत्या, शरयू."

"सकाळपासून?"

"हो."

तिने परात खाली ठेवली. खिडकी लावून घेतली, आवाज न करता. दहा वर्षांत तिने ती खिडकी माझ्या तोंडावर कधी लावली नव्हती.

सुहास म्हणाला, "सांगितलंस?" मी मान डोलावली. तो पाणी घेऊन आला आणि शेजारी बसला. साडेतीनला खालून आवाज आला. शरयू स्वतः दारात उभी होती आणि एकेकीला परत पाठवत होती. "आज नाही होणार. बाबूचं पेट खराब आहे. लेकरांना आत नका आणू, माफ करा." तेच वाक्य पुन्हा, पुन्हा. कुणीतरी म्हणालं, अगं एवढ्याशानं काय होतं. "होतं," शरयू म्हणाली. मी जे वाक्य दहा वर्षं गिळून बसले ते ती भर गल्लीत वीस वेळा बोलली.

पावणेसहाला आमची कडी वाजली. गौरी होती. दहा वर्षांची, दोन वेण्या, नवा काळा फ्रॉक. मला वाटलं तिळगूळ घेऊन आली असेल. तिचे हात रिकामे होते.

"काकू, माधवला उल्टी होतेय. डॉक्टरांकडे जाऊन आलो. आई पाकीट मागतेय, आमचं सांडलं."

मी पाकिटं घेतली आणि निघाले. चार पावलं.

शरयूने माझ्याकडे पाहिलं नाही. पाकीट घेतलं, लिटरची बाटली घेतली, रेघेपर्यंत पाणी भरलं. माधव तिच्या खांद्यावर मान टाकून होता. एका हाताने पाकीट फाडता येईना.

"हात धुऊन या," ती म्हणाली. "साबणाने."

मोरीत नवा साबण होता. मी कोपरापर्यंत हात धुतले. ती माधवला माझ्याकडे देताना म्हणाली, "हा बरा होऊ दे. मग मी बोलेन तुमच्याशी." आवाजात राग होता की काय होतं, मला कळलं नाही.

मी भिंतीला टेकून बसले, तो माझ्या मांडीत. तिने चमचा दिला. एक मिनिट, एक चमचा. टाळूवरून मी हळूच बोट फिरवलं, सपाट होती, तरी पुन्हा फिरवलं. दुपटं चाचपलं. कोरडं.

"शू केव्हा केली होती?" मी विचारलं.

"दोन वाजता."

घड्याळात सहा वाजून गेले होते. देवळात आरती सुरू झाली. गौरी दाराशी बसून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तो एकदा ओकला, आम्ही दहा मिनिटं थांबलो, शरयू घड्याळाकडे बघत आणि मी तिच्याकडे. पुन्हा चमचा. पुन्हा चमचा. आरती संपली. माझ्या मनात तीच गल्ली, तीच भिंत, तोच 'राम नाम'चा आवाज फिरायला लागला होता, आणि मी चमचे मोजायचं विसरले.

मग माझ्या मांडीला काहीतरी ऊन लागलं. आधी एवढंसं. मग चांगलंच, दुपट्यातून, साडीतून, थेट कातडीपर्यंत.

मी हलले नाही. शरयूने माझ्या तोंडाकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा.

"केली?"

"केली गं."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठली, दोरीवरून एक दुपटं ओढलं आणि माझ्या अंगावर फेकलं. तेही ओलंच होतं.